विमाननगरचा सिम्युलेटर: मिनिमाच्या खालचे दोनशे फूट

पुण्यात विमाननगरला विमान उडवायचा सराव देणारं एक सिम्युलेटर सेंटर आहे, त्याचा आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्यांची सुटका होईल. पैसे वसूल होतात, पार्किंगच्या नावाने बोंब आहे, आणि सर स्वतः शिकवायला असतील तरच तास घ्या. सर नसले की एक कंटाळलेला ऑपरेटर मागे मोबाइल बघत बसतो. मशीन तेच, तासाला साडेपाच हजार अधिक जीएसटीही तेच, आणि हाती लागते ती फक्त लॉगबुकातली एक ओळ. सेंटरचं नाव इथे टाकत नाही, कारण सरांचे शनिवार-रविवार आधीच मिळत नाहीत, त्यात आणखी गर्दी मला नको आहे. विमाननगरात कुठल्याही पायलटला हवाई दलातून निवृत्त झालेल्या सरांचा सिम्युलेटर कुठे म्हणून विचारा, तो जिन्यापर्यंत आणून सोडेल.

मी फ्लोरिडातून सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, करून आले. तिथलं सगळ्यात उंच ठिकाण समुद्रसपाटीपासून ३४५ फूट. बाकी सगळी चटई अंथरलेली. तिथे इन्स्ट्रुमेंट अप्रोच, म्हणजे यंत्रांच्या आधाराने रनवेकडे उतरत येणं, शिकताना डोंगर हा प्रकार पुस्तकातच भेटतो. परत आल्यावर डीजीसीएचे पेपर, लायसन्स बदलून घेण्याची कागदपत्रं, आणि एअरलाइनच्या फोनची वाट. या काळात हात गंजू नये म्हणून सिम्युलेटर शोधत फिरले. बहुतेक ठिकाणी तासाचा साचा ठरलेला असतो: आयएलएस (रनवेकडे नेणारे रेडिओ सिग्नल) पकडा, दोनशे फुटांपर्यंत या, ‘मिनिमम्स’ (रनवे दिसला नाही तर जिच्याखाली जायचं नाही ती उंची, म्हणजेच मिनिमा), बाहेर ढग, ‘गो-अराउंड’ (उतरणं सोडून परत वर), चार्टवर लिहिलंय तसं चढा, होल्डिंगमध्ये घिरट्या, झालं. पुन्हा तेच. यात वाईट काही नाही, परीक्षेत तेच विचारतात.

फक्त त्यात एक गोष्ट कधीच येत नाही: मिनिमा ओलांडून, रनवे दिसल्यावर खाली उतरलात आणि मग परत वर जायची वेळ आली तर काय? इथे सरांचा अख्खा तास याच एका प्रश्नावर असतो. बुकिंगच्या वेळी ‘डीएच्या खालचा तास’ म्हणून सांगायचं; डीए म्हणजे डिसिजन अल्टिट्यूड, तीच मिनिमाची उंची. नाहीतर तुम्हाला नेहमीचा साचाच मिळेल.

सरांनी सॉफ्टवेअरमध्ये एक विमानतळ स्वतः बनवलाय. जगात तो कुठेही नाही. उंची लोहगावची, म्हणजे पुण्याच्या विमानतळाची, १,९४२ फूट, रनवे पूर्व-पश्चिम, आणि पूर्वेला, रनवेच्या रेषेतच, सरांच्या मनात आलेली एक टेकडी, रनवेपेक्षा ४५० फूट उंच. तापमान ४० अंश. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हे काही अतिशयोक्त नाही. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास हवं, इथे २९ अंश जास्त. हिशेब केला तर विमानाला हवा मिळते ती साधारण ५,४०० फुटांवर असते तेवढी विरळ. सिंहगडाचा माथा ४,३०० च्या घरात आहे. म्हणजे चाकं लोहगावात आणि इंजिनं सिंहगडाच्याही वर, अशा अवस्थेत तुम्ही चढणार.

अप्रोच आयएलएस, तीन अंशांचा, डिसिजन अल्टिट्यूड रनवेपेक्षा दोनशे फूट वर. चार्टवर मिस्ड अप्रोच, म्हणजे गो-अराउंडनंतरचा छापील मार्ग, सोपा: सरळ, ४,००० फुटांपर्यंत चढा. वेगळा ग्रेडियंट, म्हणजे चढाचं प्रमाण, छापलेला नाही. म्हणजे आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचा नेहमीचा, २.५ टक्के: शंभर मीटर पुढे गेल्यावर अडीच मीटर वर. यापेक्षा जास्त चढ लागणार असेल तर तो चार्टवर लिहावा लागतो, आणि शिवाय २.५ टक्क्यांना खाली उतरण्याची कुठली मर्यादा लागू होईल तेही द्यावं लागतं. इथे काहीच नव्हतं, म्हणजे सगळं आलबेल.

दोनशे फुटांना लाइट्स दिसल्या. उजव्या सीटवर चिंचवडचा एक मुलगा होता, तो ‘रनवे इन साइट’ म्हणाला, मी ‘लँडिंग’ म्हणाले, नजर बाहेर. थ्रेशोल्ड, म्हणजे रनवेची सुरुवात, खालून गेला, पॉवर मागे घेतली, नाक उचलायला सुरुवात केली, आणि रनवेच्या मधोमध एक जीप उगवली. हसू नका. १५ फेब्रुवारी २०२० ला लोहगावलाच टेकऑफच्या धावेत असलेल्या एका ए-३२१ समोर रनवेवर जीप आली होती. पायलटने विमान वेळेआधी उचललं, मागचा भाग घासला, आणि ते दिल्लीला सुखरूप उतरलं. सरांनी जीप तिथूनच उचलली असावी.

दोन्ही लिव्हर पुढे, नाक वर, फ्लॅप एक टप्पा, चढतंय ना बघितलं, गिअर वर. चाकं टेकून उठली की हवेतच राहिली, सांगता येणार नाही. आणि तेवढ्यात पडदा गोठला. सरांनी पॉज दाबला होता.

‘आता कुठल्या चार्टवर आहेस तू?’ सर मागून म्हणाले.

चिंचवडकर उत्साहात: ‘मिस्ड अप्रोच, सर. सरळ, चार हजार.’

‘तो तर मागे राहिला की रे. सव्वा किलोमीटरच्या वर मागे.’

मग खोलीतला दिवा लागला आणि सर फळ्याकडे गेले. हा फळा या सेंटरमधली सगळ्यात किमती वस्तू आहे, हे मी पूर्ण विचार करून लिहितेय.

हिशेब असा. तीन अंशांच्या ग्लाइडस्लोपवर, म्हणजे उतरत्या वाटेवर, दोनशे फूट म्हणजे थ्रेशोल्डच्या साधारण ८७० मीटर अलीकडे. मिस्ड अप्रोच आखणारा माणूस धरून चालतो की तुम्ही तिथे, त्या उंचीवर ठरवलंत आणि वर निघालात. विमान चढायला लागेपर्यंत थोडं खाली बसतं, तेवढी सूट तो देतो. त्यापुढे नाही. मी चढायला सुरुवात केली थ्रेशोल्डच्या ५०० मीटर पुढे. म्हणजे १,३७० मीटरचा फरक. २.५ टक्क्यांनी तेवढ्या अंतरात ३४ मीटर, म्हणजे ११० फुटांच्या आसपास उंची मिळाली असती. त्यात मुळातले दोनशे. चार्टच्या हिशेबात मी त्या जागी रनवेपासून तीनशेच्या वर असायला हवी होते, आणि होते शून्यावर. हे ढोबळ गणित आहे, आखणी करणारे यापेक्षा बारीक काततात, पण चित्र हेच.

आता टेकडी. मी जिथून उठले तिथून तीन किलोमीटर पुढे. चार्टवरच्या काल्पनिक विमानाने तिथवर आणखी ७५ मीटर, म्हणजे २४६ फूट कमावले. एकूण साडेपाचशेच्या पुढे. टेकडी ४५०. मध्ये शंभर फुटांहून थोडं जास्त अंतर उरलं, आणि मिस्ड अप्रोचच्या त्या टप्प्यात नियमाला ३० मीटरच लागतात. म्हणजे टेकडी नियमात बसते, चार्ट बरोबर आहे, कोणी काही लपवलेलं नाही. फक्त मला त्याच टेकडीला नुसतं घासून जायलाही साडेचार टक्के चढ हवा. ९० नॉटला मिनिटाला चारशे फुटांच्या वर.

‘त्यात काय,’ चिंचवडकर म्हणाला, ‘दोन्ही इंजिनं चालू आहेत.’ त्याचं खरं आहे. दोन इंजिनं, गिअर-फ्लॅप आत, तर हे विमान एवढं चढतं. सर म्हणाले, चढून दाखव. पॉज काढला. फ्लॅप आणि गिअर गोळा होईपर्यंतचे सुरुवातीचे सेकंद चढाचा वेग दाखवणारी सुई मिनिटाला दोनशे फुटांवर रेंगाळली, आणि त्या उन्हात नंतरही ती सहाशेच्या वर जायला तयार नव्हती. टेकडी समोरच्या काचेत जागा सोडेना. अखेर ती खालून गेली, पण तिच्यावरची झाडं मोजता येतील इतक्या जवळून. सॉफ्टवेअरमधली झाडं फार सुबक काढलेली नाहीत, हे त्या दिवशी कळलं.

माझ्या लेखी पैसे वसूल झाले ते यापुढच्या दहा मिनिटांत. सरांनी त्याच विमानतळाचा डिपार्चर चार्ट, म्हणजे टेकऑफनंतर कसं जायचं त्याचा नकाशा, पुढे टाकला. त्यावर होतं: ४०० फुटांवर उजवीकडे वळा, हेडिंग १४०, सरळ जायचं असेल तर जास्तीचा क्लाइंब ग्रेडियंट, आकडा ठळक छापलेला. म्हणजे जी टेकडी अप्रोच चार्टच्या मिस्ड अप्रोचमध्ये दिसतच नाही, तीच डिपार्चर चार्टवर आकड्याच्या रूपात उभी आहे. कारण डिपार्चर आखणारा तुम्हाला जमिनीवरूनच उचलतो. आयकाओच्या पद्धतीत तो रनवेच्या टोकाशी पाच मीटर उंचीपासून २.५ टक्क्यांची पातळी ओढतो, तिच्यात काही घुसत नाही ना बघतो, वर ०.८ टक्के वाढती मोकळीक ठेवतो, म्हणून नेहमीचा डिपार्चरचा चढ ३.३ टक्के. काही घुसलं तर वळण देतो किंवा जास्त आकडा छापतो. रनवेवरून उठलेल्या गो-अराउंडला लागू पडेल असं कागदावर दुसरं फारसं काही नसतं. रनवेच्या लगतच्या पट्ट्यासाठी आयकाओच्या विमानतळांवरच्या नियमावलीत, ॲनेक्स १४ मध्ये, ‘बॉक्ड लँडिंग सरफेस’ ही अडथळ्यांपासून मोकळी ठेवायची कल्पित पातळी आहे. मोठ्या रनवेला तो थ्रेशोल्डपासून १,८०० मीटरवर सुरू होतो, ३.३३ टक्क्यांनी चढतो. पण त्याचं काम जवळच्या वस्तू दूर ठेवण्याचं, तीन किलोमीटरवरची टेकडी त्याच्या हिशेबात नाही.

पुन्हा अप्रोच, पुन्हा जीप (या खेपेला थोडी डावीकडे, सर खोडकर आहेत). आता ब्रीफिंग वेगळं केलं होतं: मिनिमाला किंवा वर गो-अराउंड तर चार्टचा मिस्ड अप्रोच, मिनिमाच्या खाली तर रनवेच्या रेषेत सरळ, ४०० फुटांवर उजवीकडे १४०, आणि लगेच टॉवरला सांगायचं की आम्ही छापील मिस्ड अप्रोचवर नाही. वळण घेतलं, टेकडी डाव्या खिडकीत गेली, आणि चढ तेवढाच असूनही कोणाचा घाम निघाला नाही. ब्रीफिंगला दोन वाक्यं जास्त लागली, एवढंच. कुठल्याही अनोळखी विमानतळावर जाताना डिपार्चर चार्टही काढून ठेवायचा, भले तिथून टेकऑफ उद्या असेना, ही सवय मी तिथून उचलली.

इथे एक सूचना. घाईघाईने उलटा धडा घेऊ नका. डीएच्या वर असताना हे डिपार्चरचं वळण मारायचं नाही. आणि मिस्ड अप्रोच पॉइंटच्या आधी वळणं तर कुठल्याच आखणीत सुरक्षित धरलेलं नाही. सरळ त्या पॉइंटपर्यंत जायचं आणि मग वळायचं. एका मुलाला तिथे वाटलं की टेकडी टाळायची म्हणजे जितक्या लवकर वळेन तितकं बरं. सरांनी त्याला तीन मैल अलीकडून वळू दिलं आणि दुसऱ्या डोंगरावर नेऊन आपटलं. बोलले काही नाहीत.

एका इंजिनावरचा भाग मात्र सरांनी उगाच आटोपता घेतला. माझ्या मते तिथे अर्धा तास जास्त हवा. मिस्ड अप्रोचची आखणी सगळी इंजिनं चालू आहेत असं धरूनच होते, एक बंद पडलं तर काय हा हिशेब विमान चालवणाऱ्या कंपनीने करायचा. मोठ्या दोन इंजिनांच्या जेटला एक बंद असताना गो-अराउंडला कायद्याने लागतो २.१ टक्के चढ. चार्ट मागतो २.५. ही फट कागदावरच उघडी आहे, आणि एअरलाइन्स ती वजन कमी करून किंवा वेगळा मार्ग आखून बुजवतात. आमच्यासारख्या छोट्या, दोन पिस्टन इंजिनांच्या विमानांची तर गोष्टच सोडा. जुन्या अमेरिकन नियमांत ६,००० पौंडांपर्यंतच्या, कमी स्टॉल स्पीडच्या (हवेत तगून राहायला लागणारा किमान वेग) अशा विमानांना एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे अशी सक्तीच नव्हती; किती चढतं किंवा किती उतरतं ते मोजून लिहा, एवढंच. सरांनी एक इंजिन बंद केलं तेव्हा सुई मिनिटाला १३० फुटांवर थांबली. तीन किलोमीटर म्हणजे ९० नॉटला एक मिनिट आणि वर थोडं. टेकडीचं तुम्हीच बघा. म्हणून सरांचा नियम आहे की एका इंजिनावर एक उंची आधी ठरवायची. त्याखाली गेलात की लँड करायचं, जीप असो की म्हैस. वळून गवतावर जा, ब्रेक मारा, पण परत हवेत जायचं नाव नाही.

याच ओघात ते मंगळुरू आणि दुबई काढतात. २२ मे २०१० ला मंगळुरूला बोइंग ७३७ रनवेवर फार पुढे टेकलं, ८,०३३ फुटांच्या रनवेवर जवळजवळ ५,२०० फूट आत. रिव्हर्सर, म्हणजे थांबण्यासाठी इंजिनाचा जोर उलटा वळवणारी यंत्रणा, उघडल्यावर परत उडायचा प्रयत्न झाला, आणि १५८ माणसं गेली. रिव्हर्स उघडला की थांबायचंच, हा बोइंगचाच नियम आहे. दुबईला ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून आलेल्या ७७७ ची चाकं टेकली होती. टेकल्यावर टोगा स्विच, म्हणजे गो-अराउंडसाठी इंजिनांचा जोर वाढवणारं बटण, काम करत नाही, अशीच ती यंत्रणा. बटण दाबलं, नाक वर गेलं, इंजिनं आयडलवरच, म्हणजे किमान जोरावरच, राहिली. विमान ८५ फुटांच्या आसपास चढलं आणि खाली बसलं. आतली तीनशेच्या तीनशे माणसं वाचली, एक अग्निशामक जवान गेला. सर ही दोन्ही उदाहरणं आवाज न चढवता सांगतात, आणि मग प्रत्येकाला एकदा हाताने लिव्हर पुढे ढकलून इंजिनाचे आकडे मोठ्याने वाचायला लावतात. आमच्या मशीनमध्ये टोगाचं बटण फ्लाइट डायरेक्टरपुरतंच, म्हणजे नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवण्यापुरतंच, आहे, त्यामुळे जेटचा तो फसवा क्षण इथे अनुभवता येत नाही. जेट टाइप रेटिंगची (ठरावीक जेट उडवायच्या परवान्याची) तयारी म्हणून इथे येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता तक्रारी. मशीन हलत नाही, स्थिर आहे, हे मला चालतं. पण रडर पेडल्स कापसासारखी मऊ आहेत, आणि एक इंजिन बंद झाल्यावर पाय दुखायला हवा तो दुखत नाही. डावी सीट मागे सरकून अडकते. बुटक्या पायलटने उशी घरून आणावी, मी आणते. पलीकडच्या खोलीत थिअरीचे वर्ग चालतात आणि भिंत नावापुरती आहे, त्यामुळे तुमच्या शॉर्ट फायनलला, म्हणजे ऐन उतरताना, मान्सूनचे प्रकार ऐकू येतात. लाइट गेली की यूपीएसवर कॉम्प्युटर चालतात, एसी बंद पडतो. तापमान ४० अंश ठेवलेला सीनारिओ मग फारच खरा वाटू लागतो. नेव्हिगेशनचा डेटा ताजा असतो, पण अडथळ्यांचा नाही. धानोरी-कळसकडे उभ्या राहिलेल्या नव्या इमारती, क्रेन, टॉवर यातलं काहीच पडद्यावर नाही. खऱ्या उड्डाणात असल्या गोष्टी नोटॅममध्ये, म्हणजे पायलटांसाठीच्या ताज्या सूचनांत, शोधायच्या असतात आणि सर ते बजावतात, तरी निदान एखादी क्रेन तरी उभी करून द्यायला काय जातं? सांगितलं तर ‘करू, करू’. पुण्यात याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

डीब्रीफ उत्तम. तुमच्या गो-अराउंडचा आलेख छापून मिळतो: चार्टची रेघ निळी, तुमची लाल, खाली टेकडी. माझ्या पहिल्या फेरीतली लाल रेघ निळीच्या खालून गेलेली दिसते. हा कागद घरी दाखवू नका. माझ्या आईने तो पाहून एवढंच विचारलं की नोकरी बँकेत मिळत नाही का.

कोणासाठी आहे हे? इन्स्ट्रुमेंट रेटिंग नुकतं झालेल्यांसाठी, परदेशातून सपाट मुलखात शिकून आलेल्यांसाठी, आणि नुसत्या हौसेने घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्या पण चार्ट वाचता येणाऱ्या मंडळींसाठी. अमेरिकेतून आलेल्यांनी आकड्यांचा गोंधळ आधी मिटवून यावा. तिकडे चढ सागरी मैलाला २०० फूट धरायची सवय असते आणि इकडे २.५ टक्के म्हणजे मैलाला १५२. ज्यांना पहिल्यांदा कॉकपिटमध्ये बसून फोटो काढायचाय त्यांनी मॉलमधल्या मशीनवर जावं, तिथे पॉपकॉर्नही मिळतं.

बुकिंग फोनवरच, आणि पैसे आगाऊ. चोवीस तास आधी रद्द केलं तर अर्धे परत, त्यानंतर काही नाही. सकाळी सातचा स्लॉट घ्या: पलीकडचे वर्ग सुरू झालेले नसतात, एसी दम धरून असतो, आणि दुचाकी लावायला जागा मिळते. जोडीदार घेऊन गेलात तर दीड तास मागा, एकेकट्याला एक तास पुरतो. डिपार्चर चार्टचा प्रिंट स्वतःचा न्या. तिथला एकच आहे, आणि त्यावर चहा सांडलेला आहे.